काळ्या दगडाचा ओटा

आमच्या सोलापूर जिल्ह्यात दगडाला तोटा नाही. विहीर खोदायला घ्या, वर थोडी काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली पहार वाजेल असा काळा पाषाण. आमचे बांध दगडाचे, वेशी दगडाच्या, बारवा दगडाच्या. पंढरपूरचा विठोबासुद्धा काळ्या दगडाचाच. जाणकार सांगतात की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर बसले आणि दख्खनचं पठार तयार झालं. त्या दगडाला बेसाल्ट म्हणतात. आम्ही त्याला नुसतं 'काळवत्री' नाहीतर 'पाषाण' म्हणतो.

एवढा दगड असून आमच्या स्वयंपाकघरात दगडाचा ओटा मात्र फार उशिरा आला, आणि आला तो परमुलखातला. ही हकिगत लिहायचं कारण असं की सध्या गावोगाव जुनी घरं दुरुस्तीला निघालीत. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, ओट्याला कुठली फरशी घालायची? आणि उत्तरही एकच, "काळी घाला, बघायला नको." आता काळी म्हणजे कुठली, आणि बघायला नको ते कुणाला, हे कुणी विचारत नाही. पुसणारी एक असते आणि पैसे मोजणारा दुसरा असतो, म्हणून विचारत नसावेत.

माझ्या लहानपणी आमचं घर माळवदाचं होतं. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच हात रुंद. स्वयंपाकघराची भुई मातीची. चूल मातीची, तिच्या शेजारी वैल, मागं भिंतीला काजळीचा थर. आठवड्यातून दोनदा भुई शेणानं सारवायची आणि चुलीला रोज पोतेरं फिरवायचं. आजच्या भाषेत त्या स्वयंपाकघराचा 'मेंटेनन्स' काढला तर एका बाईचा रोजचा तास-दीड तास त्यातच जायचा. खर्च मात्र काहीच नव्हता, कारण शेण घरचं आणि हातही घरचे.

दगड होता तो दळणा-वाटणापुरता. जातं, पाटा, वरवंटा, उखळ. हे सगळं आमच्याच काळ्या पाषाणाचं. पाटा गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग वडार नाहीतर टकारी समाजातल्या बाया यायच्या. गल्लीतून हाळी द्यायच्या, "टाकी लावायची का जात्याला, पाट्याला!" छिन्नी-हातोडीनं टक टक करत पाट्याला बारीक टाके घालायच्या. बदल्यात पायलीच्या मापानं नाही, पण सूपभर ज्वारी तरी मिळायची. त्या काळात दगड खरबरीत असणं हाच त्याचा गुण होता. गुळगुळीत दगडाला कुणी विचारत नव्हतं. आता ओट्याच्या दगडात तोंड दिसलं पाहिजे, असा हट्ट असतो. पन्नास वर्षांत दगडाकडून मागणं उलटंपालटं झालं.

1972 साली मी अकरा वर्षांचा होतो. त्या दुष्काळात आमच्या आईनं खडी फोडली. सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. बाया उन्हात ओळीनं बसायच्या, डोक्यावर पदर, पुढ्यात दगडांचा ढीग, हातात हातोडी. दगड हलू नये म्हणून चिंध्यांची चुंबळ करून त्यात धरायचा आणि ठोकायचा. संध्याकाळी खडीचं माप व्हायचं. मग घरी येऊन तिच हातांनी मिलोच्या तांबड्या भाकरी थापायची. दगडाची कपची उडून तिच्या डाव्या भुवईवर लागलेला वण शेवटपर्यंत होता. पुढं आमच्या घरात दगडाचा ओटा आला तेव्हा ती त्याच्यावरून हात फिरवून म्हणाली, "ह्यो फोडाया लई जड गेला असता." दगड बघितला की काहींना बांधकाम दिसतं, आईला हातोडी दिसायची.

पहिली फरशी आली ती शहाबादी. शहाबाद हे गाव गुलबर्गा जिल्ह्यात, आताच्या कलबुर्गीत. आमच्या भीमेच्याच खोऱ्यात. भीमा आमच्याकडून पूर्वेला वाहत जाते तसा काळ्या पाषाणाचा थर पातळ होत जातो आणि कलबुर्गीकडं तो संपून खालचा चुनखडीचा दगड वर येतो. त्या दगडाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सपाट सुटतात. त्यामुळं फार घडवावं लागत नाही, काढली फरशी आणि अंथरली. त्यात सोलापूर, शहाबाद, वाडी ही सगळी ठाणी मुंबईहून मद्रासकडं जाणाऱ्या रेल्वेवरची. मुंबईकडून निघालेला हा मार्ग 1871 साली रायचूरला पोचला. दगडाच्या बाबतीत भाडं हीच मोठी किंमत. ज्या दगडाला आगगाडी भेटली तो दगड महाराष्ट्रभर गेला. वाडे, शाळा, दवाखाने, एसटीची स्टँडं, जिथं तिथं शहाबादी.

आमच्या घरात ती यायला मात्र 1988 साल उजाडलं. उजनी धरण 1980 साली पुरं झालं. कालव्याचं पाणी आमच्या शिवारात पोचेपर्यंत आणखी काही वर्षं गेली. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून पैसा. पहिल्या उसाच्या बिलात बैलगोठ्याचा पत्रा झाला, दुसऱ्यात स्वयंपाकघराला शहाबादी. सारवण सुटलं. बायको म्हणाली, "माहेरी पाच दिस ऱ्हायले तरी आता भुई उखडायची काळजी न्हाई." पण चूल तशीच खाली होती आणि बायकाही खालीच होत्या. धूर डोळ्यांत, पाय मुडपलेले, दर दोन मिनिटाला पाणी घ्यायला ऊठ, पीठ घ्यायला ऊठ. फरशीनं हाताचं काम कमी केलं, गुडघ्याचं नाही.

बायकांना उभं केलं ते दोन गोष्टींनी. एक भूकंप आणि दुसरा गॅस.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर येऊन गेली. आमच्याकडंही त्या पहाटे भांडी खणखणली. त्यानंतर ज्या भिंतींचा आम्हाला आधार वाटायचा त्यांचीच भीती बसली. कितीतरी दिवस लोक अंगणात झोपत होते. पुढच्याच साली आम्ही माळवद उतरवलं आणि विटांच्या भिंती, वर स्लॅब असं घर घातलं. दगड भिंतीतून निघाला तो असा.

त्याच वर्षी गॅस आला. गॅस एजन्सीचा माणूस आला तो आधी स्वयंपाकघर बघून गेला. म्हणाला, "शेगडी खाली चालणार नाही. सिलिंडरपेक्षा उंच पाहिजे. दगडाचा ओटा करा, मग जोडणी देतो." त्याचं म्हणणं बरोबर होतं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो. म्हणजे आपल्याकडं घरोघर ओटे आले ते नुसते शहराची नक्कल म्हणून नव्हे, तर शेगडीला उंची पाहिजे म्हणूनही. पुढं 2016 साली उज्ज्वला योजना निघाली तेव्हा गोरगरिबांच्या घरांतही हेच झालं. कुणी चार विटा आणि एक फरशी टाकून का होईना, पण शेगडी वर ठेवली. सरकारी कागदात जोडण्यांचा आकडा असतो. त्या जोडण्यांबरोबर किती बायका भुईवरून उठून उभ्या राहिल्या त्याचा आकडा कुठं लिहिलेला नसतो.

आमची आई मात्र उभी राहायला तयार नव्हती. "उभ्या उभ्या रांधायला मी काय लगीनघरचा आचारी हाय का?" म्हणायची. तिच्यासाठी मागच्या पडवीत एक चूल ठेवली होती. तिचं जेवण तिच्याच चुलीवर व्हायचं. ती गेल्यावरच ती चूल मोडली.

1994 चा तो ओटा कडप्प्याचा होता. कडप्पा हे आंध्रातल्या जिल्ह्याचं नाव, तेच त्या दगडाला पडलं. तोही चुनखडीच्याच जातीचा, पण काळा आणि शहाबादीपेक्षा घट्ट. मोठमोठ्या लाद्या मिळतात, भाव हलका, गवंड्याला कापायला सोपा. त्या काळात ग्रॅनाइट आम्ही बँकेत आणि साखर कारखान्याच्या ऑफिसात बघायचो, घरात घालायचं असतं असं वाटलंही नव्हतं. कडप्पा काळा, म्हणजे डाग दिसणार नाही, म्हणून सगळ्यांनी तोच घातला.

कडप्प्याचा स्वभाव कळायला दोन उन्हाळे गेले. चुनखडीचं आणि आंबटाचं वैर असतं. लिंबू पिळलं, चिंचेचा कोळ सांडला, ताक उतू गेलं की तेवढ्या जागेची चमक जाते आणि राखाडी ठिपका पडतो. आमच्या जेवणात आंबट रोजचं, मग ओटा काळा किती दिवस राहणार? घासणीनं ओरखडे पडतात, चाकूनं पडतात. पाणी मुरून कडा पांढुरक्या होतात. मग तो काळा दिसावा म्हणून बायका त्याला तेल चोळतात. आमच्याकडं दिवाळीला आणि पाडव्याला खोबरेल तेलाचा हात मारायचा कार्यक्रम असायचा. तेल लावलं की चार दिवस झकास, पाचव्या दिवशी त्याच्यावर धूळ आणि पीठ चिकटून बसायचं. सारवण गेलं आणि तेलवण आलं, एवढाच फरक. तरीपण त्या कडप्प्याला नावं ठेवणार नाही. अठ्ठावीस वर्षं त्यानं दोन पोरांचे डबे, सणसूद, पाहुणेरावळे सगळं काढलं. ज्या पैशात तो आला त्या पैशात त्यानं भरपूर दिलं.

2022 साली घरात सून आली आणि बायकोच्या गुडघ्यांनी उचल खाल्ली. स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं. दगड बघायला मी, बायको आणि सूनबाई असे तिघं सोलापूरला गेलो. दुकानदारानं ओळीनं उभ्या लाद्या दाखवल्या. त्यातली ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात चिमकुर्तीला निघते. काळ्या अंगावर सोनेरी ठिपके, रात्रीच्या आभाळासारखी. ती जगभर जाते. दुसरी एकसारखी कुळकुळीत काळी. तिसरी काळी, पण अंगात बारीक करडे कण असलेली. व्यापारी या सगळ्यांना ग्रॅनाइट म्हणतात. दगडाचे अभ्यासक काळ्याला ग्रॅनाइट म्हणत नाहीत, त्याची नावं डोलेराइट, गॅब्रो अशी निराळी आहेत. आपल्याला नावाशी नाही, गुणाशी काम. हाही लाव्ह्याच्या कुळातलाच, पण आमच्या बेसाल्टसारखा उघड्यावर न थिजता जमिनीच्या पोटात हळूहळू निवालेला आणि वयानं आमच्या पाषाणापेक्षा कितीतरी थोरला. त्यात चुनखडी नाही, म्हणून लिंबाला दाद देत नाही. चाकूपेक्षा कठीण, म्हणून ओरखडत नाही.

मी दुकानदाराला विचारलं, "आमचा काळा पाषाण एवढा घट्ट, मग त्याच्या लाद्या का नाहीत?" तो म्हणाला, "काका, तुमच्या दगडाला सांधे फार. तीन फूट सलग निघत नाही." खरंच आहे. लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला उभ्याआडव्या चिरा पडतात. विहिरीच्या कडेला बघा, दगड चिरलेलाच दिसतो. त्याची खडी होते, चिरे होतात, जातं होतं. दहा फुटी सलग ओटा होणं अवघड. घरचं पोर कितीही गुणी असलं तरी प्रत्येक कामाला ते लागू पडत नाही.

खरा वाद झाला तो रंगावर. सूनबाई म्हणाली, "मामा, ठिपक्यांचा घेऊ. पीठमीठ सांडलं तरी दिसत नाही, सारखं पुसायला नको." बायको म्हणाली, "न दिसणारी घाण जास्त वंगाळ. मुंगी दिसली पाहिजे, तेल दिसलं पाहिजे." दोघींचंही खरं होतं. काळा दगड हळद लपवतो, चहा लपवतो, पण पांढरं काही लपवत नाही. पीठ, मीठ आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बोअरचं पाणी. आमच्या बोअरला क्षार इतका की तांब्या वाळला तरी पांढरा होतो. कुळकुळीत काळ्या चकचकीत दगडावर त्या पाण्याचा थेंब थेंब उमटतो. तेव्हा 'काळी घाला, बघायला नको' हे अर्धंच खरं. ज्या घरात पालिकेचं मऊ पाणी आहे तिथं ते लागू, बोअरवाल्या घरात नाही. शेवटी दोघींनी मिळून तिसरी लादी धरली. काळी, पण बारीक करड्या कणांची. तीवर पाण्याचा डाग चटकन डोळ्यात येत नाही आणि मुंगी मात्र चालताना दिसते. मी फक्त पैसे मोजले.

घेण्याआधी परीक्षा केली, ती सूनबाईनं. दुकानदाराकडून तुकडे मागून घेतले. एका तुकड्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवली, सकाळी डाग नाही. पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवून पुसला. खाली दगड ओला-गडद झाला असता तर समजायचं की तो पाणी पितो, आज पाणी पिणारा उद्या तेल पिणार. तिसरी परीक्षा रंगाची. काही ठिकाणी करड्या दगडाला काळा रंग पाजून विकतात. नेलपॉलिश पुसायचं रिमूव्हर पांढऱ्या फडक्यावर घेऊन तिनं दगड घासला. आमचं फडकं पांढरं राहिलं. आधी एका दुकानात हाच प्रयोग केला तेव्हा फडकं काळं झालं होतं आणि दुकानदार तोंड फिरवून मोबाइलवर बोलायला लागला होता. तिथून आम्ही चहा न पिताच उठलो.

क्वार्ट्झचा ओटाही दाखवला होता. तो कारखान्यात दगडाचा चुरा आणि रेझिन दाबून करतात. डाग धरत नाही म्हणतात ते खरं, पण तापलेलं भांडं सोसत नाही, रेझिन करपतं. आमच्यात भाकरीचा तवा उतरला की सरळ ओट्यावर. त्याला आमचं घर झेपलं नसतं.

उंचीचा विचार लोक करत नाहीत, तो दगडाइतकाच महत्त्वाचा. सूनबाई उंच, बायको ठेंगणी. चपाती लाटायला, भाजी चिरायला ओटा कोपराखाली सहा-सात इंच बरा. भाकरी थापायला त्याहून खाली लागतो, कारण जोर खांद्यातून येतो. गवंडी म्हणाला, "सगळीकडं बत्तीस-चौतीस इंच करतात." आम्ही मुख्य ओटा तेहतीस इंच धरला आणि कोपऱ्यात अडीच हाताचा तुकडा अठ्ठावीस इंचावर घेतला. त्याला आम्ही भाकरीचा ओटा म्हणतो. बायको तिथं उंच पाटावर बसूनही थापते. खालच्या खणांना कडप्पाच घातला. तिथं लिंबू पिळायचं नसतं, तिथं तो शंभर वर्षं टिकेल.

दगड कापायला दोन पोरं आली होती. ग्राइंडर लावला तसा अंगणात पांढरा धूर उठला. पोरांच्या तोंडाला नुसता रुमाल. मी मशीन बंद करायला लावलं, पाण्याची नळी आणून दिली, "पाणी मारत कापा" म्हणालो. एक म्हणाला, "काका, चिखल होतो, टाइम जातो." जाऊ दे म्हणालो. दगडाच्या त्या बारीक धुळीत सिलिका असते, ती छातीत बसली की निघत नाही, त्या रोगाला औषध नाही. आपल्या घरात बघायला नको म्हणून कुणाच्या फुप्फुसात दगड भरायचा हे काही बरं नाही. मजुरी ठरवताना अर्ध्या दिवसाचे पैसे चिखलाचे म्हणून वाढवून दिले. हे प्रत्येकानं करावं.

आता ओट्याला तीन वर्षं झाली. निगा म्हणाल तर इतकीच: ओलं फडकं, मग कोरडं फडकं. सिंकजवळ कोरडं फडकं चुकवायचं नाही, क्षार एकदा बसला की हटत नाही. संडासाचं ॲसिड ओट्याकडं आणायचं नाही, सांध्यातलं सिमेंट खातं. सिंक आणि शेगडी यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर नारळ फोडायचा नाही की खलबत्ता ठोकायचा नाही, दगड तिथंच तडकतो. लादीला सिंककडं किंचित ढाळ आणि पुढच्या कडेला गोलाई असावी, म्हणजे पाणी साचत नाही आणि पोरांच्या कपाळाला टोक लागत नाही.

जुने दगडही कामाला लागलेत. 1988 ची शहाबादी गोठ्यात गाईंच्या पायाखाली गेली. कडप्प्याच्या लाद्या हौदाशेजारी धुण्यासाठी बसवल्या, तिथं साबणाला त्याची हरकत नाही. पाटा-वरवंटा मागच्या पडवीत आहे, खारं वांगं करायचं असलं की मिरची-लसूण त्याच्यावरच. गेल्या शिमग्यात त्याला टाकी लावायची होती. हाळी देणाऱ्या बाया आता येत नाहीत. शेवटी तालुक्याच्या बाजारात एक म्हातारी मिळाली, तिला गाडीवर बसवून आणलं. तिनं तासभर टाकी लावली. पाणी प्यायला आत आली, नव्या ओट्यावर पालथा हात फिरवला आणि बायकोला म्हणाली, "लई गुळगुळीत हाय गं बाई. ह्याला आमचा काय उपेग?"